वर्षातून एकदाच लागतं, म्हणूनच लिहून ठेवा!

मित्रहो, आधीच सांगून टाकते, हा लेख फक्त कॉम्प्युटर आणि आयटीवाल्यांसाठी नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मंडळींनी पान उलटू नये, कारण हॉस्टेलच्या नोट्स सर्व्हरवरून जुने पेपर सगळ्यात जास्त तेच डाउनलोड करतात (लॉगमध्ये सगळं दिसतं बरं का!). दुसरी गोष्ट माझ्या मराठीची. शाळा कॉन्व्हेंटची, घर मनोरीला, घरात ईस्ट इंडियन बोली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काय ते संपादक मंडळाने बघून घ्यावं.

तर मुद्दा असा. क्लाउडवर आपलं एक मशीन चालू आहे आणि त्याची सिस्टिम डिस्क, म्हणजे विंडोजवाल्यांच्या भाषेत सी ड्राइव्ह, भरली. आता ती वाढवायची कशी? आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे. "पोर्टल उघड, डिस्कवर क्लिक कर, आकडा बदल, सेव्ह. संपलं!" आणि कोणी म्हटलं की याची स्क्रिप्ट लिहून ठेवूया, तर सिनियर्स हसतात. वर्षातून एकदा करायचं काम, त्याला स्क्रिप्ट कशाला? स्क्रिप्ट रोजच्या कामाला लिहायची असते.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. रोजचं काम हाताला पाठ असतं. मेसचा डबा कुठल्या रांगेत मिळतो हे कोणी लिहून ठेवत नाही. वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट मात्र दरवेळी नव्याने शोधावी लागते. ज्याने मागच्या वर्षी केली तो पास होऊन बंगलोरला गेलेला असतो, फोन उचलत नाही. आणि डिस्क कधी निवांत दुपारी भरत नाही. ती परीक्षेच्या आदल्या रात्रीच भरते, कारण त्याच रात्री सगळे त्यावर तुटून पडलेले असतात. त्यामुळे डोकं सगळ्यात कमी चालत असतं तेव्हा, आधी कधी न केलेलं, आणि एकदा केलं की मागे न फिरवता येणारं काम करायची वेळ येते.

मागे फिरवता येत नाही हे खरोखर समजून घ्या. अझूर असो, अॅमेझॉन असो की गूगल, डिस्क मोठी करता येते, त्याच डिस्कला लहान करता येत नाही. चुकून ६४ च्या जागी ६४० टाकलंत तर नवी छोटी डिस्क बनवायची, सगळं तिकडे कॉपी करायचं, मशीन त्यावरून चालू होतंय का बघायचं... म्हणजे एक अख्खा वीकेंड गेला.

आता थोडं आतलं सांगते, कारण "आकडा बदलला की संपलं" हे अर्धसत्य आहे. बोरिवलीच्या पुढे राहणाऱ्यांना लोकलचं उदाहरण चटकन कळेल. पश्चिम रेल्वेने पंधरा डब्यांची पहिली लोकल २००९ मध्ये सोडली. पण अंधेरी ते विरार धीम्या मार्गावर पंधरा डबे यायला २०२१ चा जून उजाडला. डबे जोडणं त्यामानाने सोपं होतं. फलाट लांब करायचे होते, रूळ आणि सिग्नल हलवायचे होते. आणि फलाट लांब झाला, गाडीही आली, पण इंडिकेटरवर १२ च दाखवलं तर? लोक जुन्या जागीच गर्दी करणार आणि मागचे तीन डबे रिकामे जाणार.

डिस्कचं अगदी असंच आहे. क्लाउडकडे जाऊन ३० चे ६४ केले म्हणजे डबे जोडले. आतलं पार्टिशन अजून ३० चंच असतं, तो आपला फलाट. पार्टिशन वाढवलं तरी फाइल सिस्टिमला पत्ता नसतो, तो इंडिकेटर. तीनही बदलले तरच मशीनला जागा दिसते. लिनक्समध्ये पार्टिशन वाढवायला ग्रोपार्ट ही कमांड आहे, आणि नंतर फाइल सिस्टिम ईएक्सटी-फोर असेल तर रीसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. विंडोजमध्ये पॉवरशेलची रीसाइझ-पार्टिशन ही एकच कमांड शेवटची दोन्ही कामं करते.

गंमत अशी की क्लाउडच्या बऱ्याच लिनक्स इमेजमध्ये क्लाउड-इनिट नावाचा प्रोग्राम असतो. मशीन रीस्टार्ट झालं की तो हे दोन्ही गुपचूप करून टाकतो. त्यामुळे ज्याने एकदा अशा मशीनवर केलंय तो छातीठोकपणे सांगतो की पोर्टलवर आकडा बदलला की झालं. मग तोच दादा विंडोज सर्व्हरवर जातो, आकडा बदलतो, आणि सी ड्राइव्ह जिथल्या तिथे! वर एक्स्टेंड व्हॉल्यूमचा पर्याय फिका पडलेला. का? तर सी ड्राइव्हच्या पाठीला पाठ लावून रिकव्हरी पार्टिशन बसलेलं असतं, आणि मोकळी जागा त्याच्या पलीकडे असते. मधल्याला बाजूला केल्याशिवाय सी पुढे सरकू शकत नाही. रात्री दोन वाजता हे पहिल्यांदा बघणाऱ्याने काय करावं? बहुतेक जण तिथे डिस्कपार्ट उघडतात आणि दिसेल ते पार्टिशन डिलीट करायला घेतात. पुढचं लिहीत नाही.

अजून एक गोष्ट आहे, जी मला भारी वाटते. डिस्क पूर्ण शंभर टक्के भरली असेल तर ग्रोपार्ट चालतच नाही! कारण त्याला स्वतःच्या कामासाठी टेम्प फोल्डरमध्ये थोडीशी जागा लागते, आणि तीच नसते. जागा वाढवण्यासाठी जागा हवी. यावर उपाय आहे. टेम्प फोल्डरवर तात्पुरती रॅममधली फाइल सिस्टिम चढवायची, काम झालं की उतरवायची. एका ओळीचं काम आहे. पण ही ओळ परीक्षेच्या आदल्या रात्री कोणाला आठवणार? स्क्रिप्टमध्ये असेल तर कोणाला आठवायची गरजच नाही.

आता स्क्रिप्ट कशी असावी याबद्दल माझी मतं ठाम आहेत, कोणाला पटोत न पटोत.

सगळ्यात पहिलं. स्क्रिप्टमध्ये "किती वाढवायचं" लिहू नका, "किती करायचं" ते लिहा. फरक छोटा वाटतो, पण त्यातच सगळं आहे. "३० ने वाढव" असं लिहिलं, नेट मधेच गेलं, काही कळेना म्हणून परत चालवलं, की ३० चे ६० आणि ६० चे ९० झाले. आणि परत लहान होत नाही हे वर सांगितलंच. त्याऐवजी "६४ कर" असं लिहा आणि आधी तपासा, आत्ताच ६४ किंवा जास्त आहे का? असेल तर काही न करता पुढच्या पायरीला जा. मग दहा वेळा चालवा, परिणाम एकच. अशा स्क्रिप्टला इंग्रजीत आयडेम्पोटंट म्हणतात. व्हायवाला विचारतात, आणि सगळे डेफिनिशन घडाघडा म्हणून दाखवतात. इथे तो शब्द खरंच उपयोगी पडतो.

दुसरं म्हणजे हात लावायच्या आधी स्नॅपशॉट. त्याशिवाय स्क्रिप्टने पुढे जायलाच नको. माणूस घाईत पायरी गाळतो, स्क्रिप्ट गाळत नाही. आणि काम नीट झाल्याची खात्री पटली की आठवड्याने तो स्नॅपशॉट काढून टाकायचा, कारण त्याचंही भाडं चालू असतं.

मग मशीन बंद करणं. अॅमेझॉनवर २०१७ पासून चालू मशीनचीच डिस्क वाढवता येते. अझूरवर सिस्टिम डिस्कसाठी रुळलेली आणि सुरक्षित वाट म्हणजे मशीन डीअॅलोकेट करायचं, डिस्क वाढवायची, परत चालू करायचं. डीअॅलोकेट म्हणजे आत जाऊन शटडाऊन म्हणणं नव्हे. आतून शटडाऊन केलेल्या मशीनचं भाडं चालूच राहतं, ते फक्त झोपलेलं असतं, खोली सोडलेली नसते. आणि खरंच खोली सोडली की टेम्पररी डिस्कवरचं सगळं जातं, पब्लिक पत्ता कायमचा घेतलेला नसेल तर तोही बदलतो. म्हणजे डिस्क मोठी झाली, मशीन चालू झालं, आणि साइट कोणालाच सापडत नाही! स्क्रिप्टने हे सुरुवातीलाच तपासून थांबायला हवं.

कुठलीही पायरी फसली तर तिथेच थांबायचं, पुढे रेटायचं नाही. बॅशमध्ये त्यासाठी सुरुवातीला एक ओळ असते. आमच्या कितीतरी सबमिशनच्या स्क्रिप्टमध्ये ती नसते आणि कोणी मार्कही कापत नाही. असो.

इतकं सगळं सांगून आता थोडं उलट बोलते. डिस्क भरली म्हणजे वाढवायचीच असं नाही. आधी भरली कशाने ते बघा. आमच्या नोट्स सर्व्हरवर एकदा बघितलं तेव्हा नोट्स आणि पेपर मिळून अर्धी डिस्कसुद्धा नव्हती. बाकी सगळे लॉग. डॉकर आपले लॉग साधारणपणे न छाटता वाढू देतो, त्याला मर्यादा आपण घालावी लागते. कधी मोठी लॉग फाइल डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही, कारण चालू प्रोग्रामने ती धरून ठेवलेली असते. प्रोग्राम रीस्टार्ट केला की धाडकन जागा दिसते. कधी तर गिगाबाइट शिल्लक असतात पण आयनोड संपलेले असतात, लाखो बारक्या फाइल्समुळे. आणि ईएक्सटी-फोर फाइल सिस्टिम बनवताना पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवली जाते. त्यामुळे आपल्याला "भरली" दिसते तेव्हा रूट अजून आत शिरू शकतो. बसमधल्या राखीव सीटसारखं. ज्याला हे माहीत आहे त्याला श्वास घ्यायला थोडा वेळ मिळतो.

आणि वाढवायचीच असेल तर बिलाचा हिशोब करूनच आकडा ठरवा. अझूरवर नेहमीच्या एसएसडी डिस्कचं भाडं पायऱ्यांनी लागतं, ३२, ६४, १२८, २५६, ५१२ असं. १२८ ची १३० केली तरी भाडं २५६ चं. विंडोजची तयार इमेज १२७ ची येते, म्हणजे पायरीच्या अगदी काठावर. "दोन-चार जीबी वाढवून ठेवतो" म्हणणाऱ्याला पुढच्या पायरीचं अख्खं भाडं भरावं लागतं. मग १३० वर थांबण्यात काय अर्थ? एकतर १२८ मध्ये बसवा, नाहीतर २५६ पूर्ण वापरा.

विद्यार्थ्यांना अझूरवर १०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, क्रेडिट कार्ड न मागता. वर्षभर पुरवायचे ते पैसे. एका टेक्निकल क्लबने फेस्टच्या घाईत डिस्क थेट ५१२ वर नेली, "कटकट नको" म्हणून. मशीन रात्री बंद ठेवायचे, तेवढीच बचत. पण मशीन बंद असलं तरी डिस्कचं भाडं थांबत नाही. फेस्टच्या आधीच क्रेडिट संपलं आणि सगळं बंद पडलं. शेवटी रजिस्ट्रेशन एक्सेल शीटवर झालं. मला यात हसू येत नाही. आपल्यासारख्यांकडे पैसा मोजका असतो, आणि मोजक्या पैशात चालवणं हेच तर इंजिनिअरिंग ना?

आता मनोरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मालाडहून मार्वेला या, तिथून बोटीने खाडी ओलांडा, बोटीत माणसं आणि मोटारसायकली एकत्र असतात, पलीकडे आमचं गाव. रस्त्याने यायचं तर भाईंदर, उत्तन, गोराई असा मोठा वळसा. बृहन्मुंबईत असूनही मुंबईला जाऊन येतो असं आम्ही म्हणतो. आणि मोबाइलचं नेट? पावसाळ्यात समुद्राकडच्या घरात एक कांडी आली तरी आनंद. गंमत बघा, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये. मायक्रोसॉफ्ट २०१५ पासून मुंबईत आणि पुण्यात आहे. म्हणजे आपला सर्व्हर बहुतेक आपल्याच आसपास कुठेतरी ठेवलेला असतो, पण त्याच्यापर्यंत पोचायला मनोरीच्या ओट्यावरून सिग्नल शोधावा लागतो!

गेल्या पीएलमध्ये मी घरी होते. रात्री अकराला हॉस्टेलमधून एका सेकंड इयरच्या मुलाचा फोन.

"ताई, नोट्स सर्व्हर गेला. लॉगिनच होत नाहीये कोणाचं. परवा एम-थ्रीचा पेपर आहे."

"डिस्क बघितलीस?"

"शंभर टक्के दाखवतंय. मी पोर्टलवर वाढवू का? किती करू?"

"काही करू नकोस. रिपॉझिटरीत डिस्क नावाचं फोल्डर आहे, त्यातली वाचा नावाची फाइल उघड. मराठीत आहे, घाबरू नकोस."

मी घरून पोर्टल उघडून बघितलं, अर्धं पान आलं आणि फिरत राहिलं. तेवढ्यात मार्वेची बोट जाऊन परत आली असती. पण स्क्रिप्टला पोर्टल लागत नाही. त्या मुलाने फाइल वाचली आणि आधी लॉग छाटणारी स्क्रिप्ट चालवली. त्याने थोडी जागा झाली, पण परीक्षेचे दोन आठवडे निघतील इतकी नाही. मग त्याने दुसरी चालवली. स्नॅपशॉट, बंद, ६४, चालू, पार्टिशन, फाइल सिस्टिम, आणि शेवटी आधीचा आणि नंतरचा आकडा छापलेला. मी फक्त फोनवर होते, तोही दोनदा कटला. कटला त्या मधल्या वेळात तो घाबरला नाही, कारण पुढची ओळ त्याच्यासमोर होती. साडेअकराला लोक पेपर डाउनलोड करत होते.

ती स्क्रिप्ट माझी नाही हे मुद्दाम सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या एका सिनियर दादाने लिहिली, मी त्यात मराठी सूचना घातल्या आणि टेम्प फोल्डरवाली ओळ वाढवली. सूचना मराठीत का, असं एका सरांनी विचारलं होतं. मी स्वतः कॉन्व्हेंटची, मला इंग्रजी चालतं. पण आमच्या हॉस्टेलमध्ये लातूरहून, धुळ्याहून, सावंतवाडीहून आलेली मुलं आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही असं नाही. पण रात्री घाबरलेल्या माणसाला "हे चालवण्याआधी मशीनचं नाव दोनदा वाच, मागे फिरता येणार नाही" हे ज्या भाषेत लगेच पोचतं, त्याच भाषेत लिहावं. कमांड इंग्रजीतच राहते, कॉमेंट आपल्या भाषेत असली तर कंपायलरचं काय जातं?

आता कोणी म्हणेल, हल्ली हे सगळं ए.आय.ला विचारलं की तो लिहून देतो. देतो, मी पण विचारते. पण त्याला आपल्या डिस्कचं नाव माहीत नसतं. त्याने दिलेल्या स्क्रिप्टमध्ये एसडीए असतं आणि आपल्या मशीनवर एनव्हीएमई असतं. त्याला आपली फाइल सिस्टिम कोणती, पार्टिशनच्या मध्ये एलव्हीएम आहे का, क्रेडिट किती उरलंय, हे आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. सांगायला आधी आपल्याला माहीत हवं. परीक्षेच्या आदल्या रात्री मिळालेली आणि कधी न चालवलेली स्क्रिप्ट सरळ खऱ्या सर्व्हरवर चालवायची, हे मला धाडस वाटत नाही, नुसता जुगार वाटतो.

म्हणून स्टाफला, विशेषतः ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या सर-मॅडमना, एक विनंती. आमच्या जर्नलमध्ये डिस्क शेड्युलिंगचे अल्गोरिदम आहेत, एफसीएफएस पासून सी-स्कॅनपर्यंत. हेड कुठून कुठे सरकलं त्याचे ग्राफ आम्ही पेन्सिलने काढतो. वाईट नाहीत, तर्क शिकवतात. पण चार वर्षांत एकदाही कोणी आमच्यासमोर मुद्दाम डिस्क भरवून, मशीन अडकवून, "आता काढा बाहेर" म्हटलेलं नाही. एक प्रॅक्टिकल असं करा ना. लॅबच्या जुन्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन, दहा जीबीची डिस्क, एका कमांडने भरून टाकायची. दोन तासांत आधी शोधा, मग साफ करा, मग वाढवा, आणि स्क्रिप्ट सबमिट करा. क्लाउडचा एक रुपया लागत नाही. तपासताना स्क्रिप्ट दोनदा चालवून बघा. दुसऱ्यांदा डिस्क परत वाढली, तर मार्क कापा, मी तक्रार करणार नाही.

आणि क्लबवाल्यांनो, सर्व्हर ज्युनियर्सना देताना फक्त पासवर्ड देऊ नका. नोट्स सर्व्हरचं फोल्डर बघायचं असेल त्याने मला मेसमध्ये गाठा. यावर्षी त्यात विंडोजचा भाग घालायचाय. रिकव्हरी पार्टिशन बाजूला करायची पायरी अजून एकाच मशीनवर करून बघितली आहे, आणखी दोन-तीन जणांनी आपापल्या टेस्ट मशीनवर चालवून काय झालं ते लिहून दिलं तर बरं होईल. स्नॅपशॉट घेऊनच!